पदवीचा नोकरीशी संबंध किती? वाचकांचे प्रश्न

शिक्षण आणि नोकरी या विषयावर या वेळी बरेच प्रश्न आले. बहुतेकांत थोडा राग होता, आणि तो मला रास्त वाटतो. मी श्रमाचं अर्थशास्त्र शिकवते. नोकऱ्या देणं माझ्या हातात नाही. पण नोकरी देणारा पदवीकडे काय म्हणून बघतो, एवढं समजलं तर निदान रागाचा पत्ता तरी बरोबर लिहिता येतो.

कारकुनाच्या जागेसाठी पदवी मागितली होती. काम काय, तर आलेले कागद नोंदवायचे आणि फाइलला लावायचे. माझ्या काकांनी हेच काम दहावीच्या जोरावर तीस वर्षं केलं. मग कामात बदललं काय?

कामात फार काही बदललेलं नाही. रांग लांबली आहे.

एका जागेला पाच अर्ज आले तर पाचही जणांना समोर बसवून बोलता येतं. पाचशे आले की चाळणी लागते. पदवी ही मालकाच्या दृष्टीने सगळ्यात स्वस्त चाळणी, कारण तिचा खर्च तो करत नाही. उमेदवार आणि त्याचे आईवडील करतात. मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ साली हे गणित मांडलं आणि २००१ मध्ये त्यांना दोन सहकाऱ्यांबरोबर नोबेल मिळालं. म्हणणं साधं आहे. समोरचा माणूस चिकाटीचा आहे की कामचुकार, हे मालकाला बाहेरून दिसत नाही. मग जी गोष्ट चिकाटीच्या माणसाला त्यातल्या त्यात सोपी जाते आणि कामचुकाराला जड जाते, ती पार पाडल्याचा कागद तो मागतो. त्या तीन-चार वर्षांत शिकलेलं कामाला येतं की नाही, हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही.

आणि सगळ्यांच्याच हातात तो कागद आला की चाळणीची भोकं मोठी झाल्यासारखं होतं. मग पदव्युत्तर पदवी मागतात. पुढचा टाचा उंचावून उभा राहिला की मागच्यालाही उंचावाव्या लागतात. पाय सगळ्यांचे दुखतात आणि दिसतं पूर्वीइतकंच.

यावर एक खटला झाला होता, मला तो वर्गात सांगायला फार आवडतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ड्यूक पॉवर या वीज कंपनीने चांगल्या पगाराच्या विभागांसाठी माध्यमिक शाळेच्या प्रमाणपत्राची अट घातली होती. त्या अटीमुळे कृष्णवर्णीय कामगार मोठ्या प्रमाणावर बाहेर राहत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे एक गोष्ट निर्णायक ठरली: अट येण्याआधी लागलेले, प्रमाणपत्र नसलेले लोक त्याच विभागांत व्यवस्थित काम करत होते. १९७१ साली न्यायालयाने एकमताने सांगितलं, की अट वंशाच्या आधारावर माणसं गाळत असेल तर तिचा प्रत्यक्ष कामाशी संबंध दाखवावा लागेल. म्हणजे तुमच्या काकांचं उदाहरण न्यायालयात ग्राह्य धरलं गेलेलं आहे म्हणायचं! ते आज अर्ज करते तर बाहेर राहिले असते, आणि आत घेतलं असतं तर काम चोख केलं असतं.

मग शाळा-कॉलेज म्हणजे नुसतं टोकन वाटण्याची खिडकी आहे का?

नाही, आणि इथे मी जरा आवाज चढवून बोलणार आहे. 'शिक्षण म्हणजे नुसता कागद' हे वाक्य बोलणारे बहुधा स्वतः शिकलेले असतात आणि आपल्या मुलांना शिकवतही असतात.

शिक्षणाची दोन कामं असतात. एक, माणसाच्या आत काही घालणं: वाचणं, हिशेब, युक्तिवाद, एखादं कसब. ही शिदोरी. दुसरं, त्याला रांगेत एक क्रमांक देणं. हे टोकन. शिदोरी सगळ्यांकडे असली तरी कोणाची कमी होत नाही. टोकनचं तसं नाही. तुमचा क्रमांक वर गेला म्हणजे कोणाचा तरी खाली आला. एकाच पदवीत दोन्ही मिसळलेली असतात, म्हणून वाद मिटत नाही.

शिदोरी खरी असते याचा पुरावा हवा असेल तर इंडोनेशिया बघा. १९७० च्या दशकात तेलाचा पैसा आला आणि सरकारने पाच-सहा वर्षांत ६१ हजारांहून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या. कुठे जास्त, कुठे कमी. एस्थर डुफ्लो यांनी २००१ मध्ये हिशेब मांडला: जिथे शाळा जास्त झाल्या तिथली मुलं थोडी जास्त शिकली आणि मोठेपणी त्यांचं वेतनही वाढलेलं दिसलं. शिक्षणाच्या एका जादा वर्षामागे साधारण ७ ते ११ टक्के. ही मुलं मुळातच हुशार होती म्हणून कमावती झाली, असं म्हणायला इथे जागा नाही. शाळा कुठे बांधायची हे त्यांनी ठरवलं नव्हतं. आणि ही प्राथमिक शाळा होती. तिथल्या प्रमाणपत्रावर कोण भाळणार?

उलट बाजूचाही पुरावा आहे. वेतनाचा आलेख शिक्षणाच्या वर्षांनुसार काढला तर तो सरळ चढत नाही. पदवी पूर्ण होते त्या वर्षाला एकदम उडी घेतो. शेवटच्या वर्षात आधीच्या वर्षांपेक्षा दुप्पट-तिप्पट ज्ञान मिळतं असं काही नसतं. ती उडी कागदाची.

माझा अंदाज विचाराल तर खालच्या इयत्तांत शिदोरी जास्त आणि टोकन कमी असतं, वर जाल तसं पारडं कलत जातं. वैद्यक किंवा पूल बांधण्याचं शिक्षण अर्थातच वेगळं. तिथे शिदोरी नसली तर लोक मरतात.

आकडेवारीत अशिक्षितांपेक्षा पदवीधर जास्त बेकार दिसतात. मग शिकवून आपण बेकार तयार करतो असं म्हणायचं का?

आधी 'बेकार' कोणाला म्हणतात ते बघा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्याख्येत संदर्भाच्या आठवड्यात ज्याने मोबदल्यासाठी एक तास जरी काम केलं, तो रोजगारात मोजला जातो. बेकार ठरायला काम नसणं, काम शोधत असणं आणि मिळालं तर लगेच रुजू होण्याची तयारी असणं, हे सगळं एकदम लागतं.

आता सांगा, ज्याच्या घरी उद्याची चूल आजच्या कामावर अवलंबून आहे, तो बेकार राहील कसा? तो मिळेल ते करतो आणि 'रोजगारात' मोजला जातो. वाट बघणं ही ऐपतीची गोष्ट आहे. पदवीधराच्या मागे कोणीतरी कमावतं असतं, म्हणून तो वाट बघू शकतो. शिवाय पदवीधर बहुधा तरुण असतात, आणि नोकरी शोधण्याचं वयच ते. गरीब देशांत हा उलटा आलेख ठळक दिसतो. श्रीमंत देशांत सहसा शिक्षण वाढतं तशी बेकारी कमी होते.

पण सगळा दोष व्याख्येवर ढकलून चालणार नाही. चांगल्या नोकऱ्या मोजक्या असल्या आणि बाकीच्यांशी त्यांची तफावत प्रचंड असली, की रांगेत उभं राहणं शहाणपणाचं ठरतं. इजिप्तने १९६० च्या दशकात पदवीधरांना सरकारी नोकरीची हमी दिली. हेतू चांगला होता. झालं असं की लोक त्या हमीसाठी पदव्या घेऊ लागले आणि पुढे नेमणुकीची वाट बघण्याचा काळ दशकाच्या पलीकडे गेला. त्या तरुणांना कोणी आळशी म्हणेल, पण पलीकडच्या काठावरची जागा तेवढी मोलाची असताना त्यांचं गणित चुकलं नव्हतं.

मुलीला यंत्रदुरुस्तीचा अभ्यासक्रम करायचा आहे. नातेवाईक म्हणतात, साधी पदवी घे, 'हातकामा'त अडकू नकोस. मी आई म्हणून काय सांगू?

या प्रश्नावर नातेवाईकांना नावं ठेवणं सोपं आहे. मी ठेवणार नाही. १९६५ साली फिलिप फॉस्टर या अभ्यासकाने घानाबद्दल नेमकं हेच लिहिलं. तिथे वसाहतकाळापासून राज्यकर्ते आणि मिशनरी म्हणत आले, की पोरं कारकुनीच्या मागे लागतात, त्यांना शेती आणि कारागिरी शिकवा. शाळा निघाल्या, पण पोरं ऑफिसकडेच वळत राहिली. फॉस्टरचं म्हणणं, मुलांची दृष्टी बिघडलेली नव्हती. त्यांना पगार दिसत होते. ऑफिसात पैसा, स्थैर्य आणि बढती, हातकामात यातलं काहीच नाही, अशी परिस्थिती असताना शाळेचा अभ्यासक्रम बदलून कोणाची निवड बदलत नाही. तेव्हा भाषण कामाच्या थोरवीवर द्यायचं की कामाच्या दामावर, हे आधी ठरवायला हवं.

जिथे ही वाट चालते तिथे काय आहे? जर्मनीत मुलगा किंवा मुलगी आठवड्याचे तीन-चार दिवस कारखान्यात किंवा कंपनीत असते आणि एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत. दोन ते साडेतीन वर्षं. या काळात तिला भत्ता मिळतो. सव्वातीनशेच्या आसपास मान्यताप्राप्त व्यवसाय आहेत, प्रत्येकाचा अभ्यासक्रम ठरलेला, आणि परीक्षा कंपनी नाही, उद्योगांची संस्था घेते. म्हणून एका गावचं प्रमाणपत्र दुसऱ्या गावी चालतं. स्वित्झर्लंडमध्ये तर शाळेनंतर सुमारे दोन तृतीयांश मुलं याच वाटेने जातात. तिथे १९९० च्या दशकात एक महत्त्वाची सोय झाली: व्यवसाय शिकत असतानाच किंवा नंतर एक जादा परीक्षा दिली की उच्च शिक्षणाचं दार उघडतं. माझ्या मते त्या व्यवस्थेची प्रतिष्ठा यातूनही टिकते. 'हा रस्ता पुढे बंद होतो' असं म्हणायची सोयच ठेवली नाही.

दुसरी बाजूही सांगते. एरिक हानुशेक आणि सहकाऱ्यांनी ११ देशांची माहिती तपासली (२०१७). व्यवसाय शिक्षण घेतलेल्यांना तरुणपणी नोकरी लवकर मिळते, पण वय वाढतं तसा तो फायदा आटतो आणि पुढे उलटतो. यंत्र बदलतं, आणि त्या एका यंत्रापुरतं शिकलेला माणूस पन्नाशीत अडचणीत येतो.

म्हणून मुलीला हो म्हणा, पण अभ्यासक्रम निवडताना तीन गोष्टी खोदून विचारा. प्रत्यक्ष यंत्रावर किती तास? गणित आणि यंत्रामागचं विज्ञान किती? आणि पुढे शिकायचं झालं तर दार आहे का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर तिथून उठून या. यंत्राविना यंत्रदुरुस्ती शिकवणारे अभ्यासक्रम असतात. त्यात शिदोरीही नाही आणि टोकनही नाही.

जाता जाता, 'अडकू नकोस' म्हणणाऱ्यांना विचारा, साध्या पदवीनंतर नेमकं कुठे सुटायला होतं.

सगळीकडे 'अनुभव आवश्यक'. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. हे कोडं सुटतं कसं?

मराठीत यासाठी एक जुना, नेमका शब्द आहे: उमेदवारी. आता तो बहुतेक निवडणुकीपुरता उरला, पण पूर्वी उमेदवारी करणं म्हणजे कमी पैशांत किंवा फुकट राबून काम शिकणं.

त्यामागचा हिशेब गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये स्पष्ट केला. मालकाने तुम्हाला अशी गोष्ट शिकवली जी कुठेही चालते, तर शिकून झाल्यावर तुम्ही शेजारच्याकडे जाल आणि त्याचा खर्च पाण्यात. म्हणून तो म्हणतो, शिकून या. ज्याचा उपयोग फक्त त्याच्याकडेच आहे, त्याच्या खास यंत्राचं, त्याच्या खास पद्धतीचं, ते शिकवायला तो आनंदाने तयार असतो. कुठेही चालणाऱ्या कसबाची किंमत या ना त्या रूपाने शिकणाऱ्यालाच मोजावी लागते. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने सात वर्षांची उमेदवारी सक्तीची होती. सुरुवातीला पोर मालाची नासाडी करायचं, शेवटच्या वर्षांत तरबेज होऊनही फुकटच राबायचं. मालकाची वसुली तिथे व्हायची. १८१४ मध्ये ती सक्ती गेली.

आजची बिनपगारी इंटर्नशिप हे तिचंच धाकटं भावंड, पण जास्त अन्यायी. पूर्वी निदान राहणं-जेवण मालकाकडे असायचं. आज सहा महिने बिनपगारी काम कोण करू शकतं? ज्याचं घर चालवणारा दुसरा आहे तोच.

तुमच्यापुरतं सांगायचं तर 'अनुभव' या शब्दाचा अर्थ मालक असा लावतो: याने आधी कोणाचं तरी काम बिघडवून झालं आहे ना? तेवढा पुरावा द्या. लहान, पूर्ण झालेलं, ज्याने वापरलं तो माणूस फोनवर बोलू शकेल असं एक काम. दहा ऑनलाइन प्रमाणपत्रांपेक्षा ते वजनदार ठरतं, कारण प्रमाणपत्रं पुन्हा टोकनच.

नामांकित कॉलेजात प्रवेश हुकला. करिअर संपलं का?

नाही. अमेरिकेत स्टेसी डेल आणि अॅलन क्रूगर यांनी (२००२) अशा विद्यार्थ्यांची तुलना केली, ज्यांना नामांकित कॉलेजात प्रवेश मिळत होता पण त्यांतले काही साध्या कॉलेजात गेले. पुढच्या कमाईत फारसा फरक निघाला नाही. अपवाद गरीब घरच्या मुलांचा; त्यांना नावाजलेल्या कॉलेजचा खरा फायदा झाला. का, ते पुढच्या उत्तरात.

शेवटी नोकऱ्या ओळखीनेच मिळतात. मग एवढं शिकायचं कशाला?

ओळख आणि वशिला या दोन गोष्टी वेगळ्या काढू या. वशिला म्हणजे लायकी नसताना आत ढकलणं. ओळख म्हणजे जागा आहे हे कळणं, आणि तुमच्याबद्दल कोणीतरी दोन शब्द सांगणं.

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या न्यूटन शहरात नोकरी बदललेल्या २८२ पुरुषांकडे चौकशी केली. सगळे व्यावसायिक, तांत्रिक किंवा व्यवस्थापकीय कामांतले, म्हणजे शिकलेले. निम्म्याहून अधिक, ५६ टक्के लोकांना नोकरी ओळखीतून कळली होती. पण १९७३ सालच्या त्याच्या निबंधातली मजा पुढे आहे. ज्याच्याकडून कळलं तो माणूस नेहमी भेटणारा होता का? सहांतल्या एकाच बाबतीत. बाकी सगळे अधूनमधून किंवा क्वचित भेटणारे होते: जुना सहकारी, कॉलेजातला कोणी, वर्षानुवर्षं न दिसलेला.

कारण उघड आहे. जिवलग मित्राला जे माहीत असतं ते तुम्हालाही माहीत असतं. नवी बातमी दुसऱ्या वर्तुळातून येते, आणि दुसऱ्या वर्तुळातली माणसं भेटतात कुठे? बऱ्याच जणांना शाळा-कॉलेजातच. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच काम आहे, त्याच्या सगळ्या ओळखी त्याच कामातल्या असतात. त्याच्यासाठी कॉलेज ही शिदोरी आणि टोकन यांच्याबरोबर तिसरी गोष्टही देतं. हुशार विद्यार्थी वर्गात पहिला येतो आणि बाकावर शेजारी बसलेल्याचं नावही विचारत नाही, तेव्हा मला हळहळ वाटते. 'ओळखीने मिळतं' ही तक्रार करणाऱ्याने मागच्या पाच वर्षांत न भेटलेल्या वीस जणांना फोन लावावा. काम मागायला नको, चौकशीला.

सहा वर्षं स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. दोनदा अगदी थोडक्यात हुकलं. वय तीस. मॅडम, थांबू की अजून एकदा बसू?

तुम्ही सगळ्यात अवघड प्रश्न शेवटी ठेवलात.

मेहनत कमी पडली असं कोणी म्हणत असेल तर ऐकून घेऊ नका. जागा हजार आणि सगळ्यांनी दुप्पट अभ्यास केला तरी निवड हजारांचीच होते. ही परीक्षा निव्वळ टोकनची आहे. सगळ्यांची मेहनत वाढली की फक्त रेषा वर सरकते. वर थोडक्यात हुकलेला आणि थोडक्यात लागलेला यांच्यातला फरक त्या दिवशीच्या दोन प्रश्नांचा असतो. तुमच्यात काही उणं आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही.

आता हिशेब. गेलेली सहा वर्षं त्यात धरू नका. ती बसलात तरी परत येणार नाहीत आणि थांबलात तरी नाहीत. फक्त पुढच्या वर्षाचं बोला. दोनदा काठावर पोचलात, म्हणजे निवडीची शक्यता इतरांपेक्षा नक्कीच बरी. पण ती पहिल्या प्रयत्नापेक्षा वाढतेय का? तीन वर्षांचे गुण समोर मांडा. चढते असतील तर एक प्रयत्न समजू शकतो. सपाट असतील तर सातवं वर्ष सहाव्यासारखंच जाईल. आणि त्या वर्षात बाहेर तुम्ही काय कमावलं आणि शिकला असता, तीही फी समजा; ती दरवर्षी वाढते, कारण तिशीतला नवखा आणि पस्तिशीतला नवखा यांच्याकडे मालक एकाच नजरेने बघत नाही.

बसायचंच ठरलं तर निम्म्या वेळेचं एखादं काम धरून बसा, कुठलंही. त्याने अभ्यासाचे तास कमी होतील, हे खरं. पण निकाल लागेल त्या दिवशी तुमच्याकडे दोन गोष्टी असतील. आणि कृपा करून शेवटची तारीख आत्ताच कागदावर लिहा आणि घरच्या कोणाच्या तरी हातात द्या. निकालाच्या रात्री घेतलेला निर्णय नेहमी 'अजून एकदा' हाच असतो.

मुलाखतीत 'सहा वर्षं काय केलं' असं विचारतील तेव्हा मान खाली घालू नका. एवढा इतिहास, कायदा आणि अर्थव्यवस्था वाचलेला, रोज दोन पानं मुद्देसूद लिहू शकणारा माणूस बऱ्याच ठिकाणी लागतो. त्या जाहिरातींत परीक्षेचं नाव नसतं, एवढंच. मागच्या प्रश्नातले ते वीस फोन तुम्हीही लावा.